सहीपुरती जागा

ये गं रेवा, जरा जवळ ये. म्हणजे या कागदावरच ये, प्रत्यक्ष तर तुझे पाय इकडे वळत नाहीत. पाच शुक्रवार झाले. दुबईहून शारजाला यायला जॅम लागतो, हे तू मला सांगतेस? तुझ्या बाबांनी एकोणीस वर्षं त्याच जॅममध्ये काढली. गाडीतच त्यांचा पेपर वाचून व्हायचा, शब्दकोडं सुटायचं, आणि घरात पाऊल टाकताना म्हणायचे, "आज लवकर पोचलो." आणि तू मोबाइलवर एवढुसा निरोप टाकतेस, तोही अर्धा इंग्रजीत. ऑफिसात एक स्टेटमेंट आलंय, सगळे साइन करतायत, मीपण करून टाकू ना?

करून टाकू म्हणे. सही ही काय करून टाकायची गोष्ट आहे?

मी लगेच फोन केला तेव्हा तू सांगितलंस की तुमच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनला काढायचंय, म्हणून तो सगळ्यांच्या अंगावर ओरडतो, काम करत नाही, असं लिहून घेतायत. मी विचारलं, "ओरडतो का?" तू म्हणालीस, "ओरडले ना, वन्स. पण लिहिलंय तसं नाही, मॉम." मग मी विचारलं, "मग?" तर तू म्हणालीस, "एव्हरीबडी इज साइनिंग." आणि तुझी मीटिंग लागली. खलास.

कोथिंबीर आणायची होती म्हणून खाली उतरले. जुलै कसा असतो तुला माहीत आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहावं लागतं. वाफ गेली आणि समोर दिसलं काय, तर रस्त्याच्या मधली खजुरीची झाडं. नगरपालिकेची माणसं शिड्या लावून घडांना जाळ्या बांधत होती. पिवळेधमक घड, आणि एखाद्या फळाचं टोक नुकतं तपकिरी व्हायला लागलेलं. मी कोथिंबीर विसरले, बघ. मला बहराम आगा आठवले, आणि तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात आपण गावी गेलो नव्हतो.

तू दहावीला होतीस. बिल्डिंग निम्मी रिकामी. ज्यांना जमलं ते सगळे सुट्टीला मायदेशी, मागे राहिलो ते आपण, चार-सहा बॅचलर आणि एसींचा घरघराट. एसीचं पाणी बादलीत ठिबकायचं आणि मी ते कुंडीतल्या तुळशीला घालायचे. दुपारी तू खोलीत भूगोल घोकायचीस आणि मी हॉलमध्ये टाइपरायटरवर खटखट करायचे. आठवतं ते यंत्र? कुणाच्या तरी बंद झालेल्या ऑफिसातलं, 'e' जरा वर उडायचा. टाइपिंग मला कुणी शिकवलं नाही. पुस्तक समोर ठेवून, बोटांना चिकटपट्ट्या लावून मी ते आपलं आपण शिकले. कोकणातले, सांगली-साताऱ्याकडचे आपले लोक साइटवरून सुटले की यायचे. "बाई, रजेचा अर्ज करून द्या." "बाई, पासपोर्ट हरवल्याचं लिहून द्या." कुणी कागदावर खरडून आणायचं, मी अक्षराला अक्षर लावून छापायचे. इंग्रजी मला तेव्हा किती येत होतं? वळण कळायचं, अर्थ नाही.

आणि त्याच अज्ञानातून माझ्या हातून ते झालं होतं. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. संगमेश्वरचा सीताराम सुतार. वडील आजारी, त्याला पंधरा दिवसांची रजा हवी होती. त्याच्या फोरमननं कच्चा मजकूर लिहून दिला, मी हुबेहूब टाइप केला, आणि सीतारामनं माझ्यासमोर सही केली. वर म्हणाला, "बाईंनी छापलंय म्हंजे बरोबरच आसंल." तो राजीनामा होता, रेवा. रजा नव्हती ती. तो गेला तो परत आलाच नाही, त्याला येऊच दिलं नाही. आणि तो कागद मी छापला होता, चार ओळी सोडून, खाली नाव टाकून, सहीपुरती स्वच्छ जागा ठेवून.

हे कळलं त्या दिवसापासून मी नियम केला. कितीही घाई असू दे, कितीही मोठा माणूस असू दे. आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, आपल्या भाषेत. मला कळेल आणि स्वतःलाही ऐकू जाईल असा. मग सही. वाचता येत नसेल तर मी डिक्शनरी घेऊन बसायचे, एका अर्जाला तास लागला तरी. लोक चेष्टा करायचे. "टाइपिंगवाल्या बाईंकडे परीक्षा असते," म्हणायचे. असू दे म्हटलं.

बहराम आगा आपल्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचे. पहिली भेट जिन्यात. लिफ्ट बंद होती, मी गव्हाची पिशवी घेऊन चढत होते, आणि मागून आवाज आला, "वहिनी, सावकाश. पायरी तुटली आहे." वळून बघते तर उंच, गोरा, पांढऱ्या मिशांचा इराणी! पिशवी हातातून सुटायचीच बाकी होती. तरुणपणी शेतकी शिकायला पुण्यात चार वर्षं होते म्हणे. घरमालकीणबाईंनी मराठी शिकवली, वरणभात खायला शिकवला, आणि "वहिनी" म्हणायलाही. बोलणं अगदी जुन्या क्रमिक पुस्तकासारखं. "कृपा करून आपण पुढे जावे." फक्त ळ काही केल्या जमायचा नाही. "वहिनी, तुमच्या डाल-तांदूलची मला आठवण येते," म्हणायचे, आणि तू आतून खुदखुदायचीस.

त्यांना काही खायला द्यायचं म्हणजे मोठा समारंभ. त्यांच्याकडे रीत अशी की पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं. आपल्याकडे रीत अशी की यजमानानं पाचदा आग्रह करायचा. चहा गार व्हायचा पण आमचं संपायचं नाही. तुझे बाबा वैतागून म्हणायचे, "अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण मला पिऊ द्या!"

ते सुक्या मेव्याच्या गोदामात हिशेबनीस आहेत, एवढंच आम्हाला माहीत होतं. अंगाला बेदाण्याचा आणि सुकवलेल्या लिंबांचा वास. पण हा माणूस एकेकाळी त्यांच्या देशाच्या संसदेत बसायचा, डाळिंबांच्या बागा असलेल्या एका लहान गावानं निवडून दिलेला, हे कळलं ते पहिल्या कागदाच्या दिवशी.

गोदामाचे मालकही इराणीच, राजाचे कट्टर. क्रांतीत राजा जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानात तसबीर, तिला रोज ताजं फूल. देश सोडून आलेल्या त्यांच्या मंडळींनी परदेशात पाठवायला एक निवेदन केलं होतं, इंग्रजीत, आणि ते टाइप करून आणायला आगांना सांगितलं होतं. पहिली सही त्यांचीच हवी, कारण जुने खासदार. त्यांचा व्हिसाही मालकांच्याच हातात. मी टाइप केलं, कागद काढला आणि म्हणाले, "आता वाचून दाखवा. मराठीत."

हसले. "वहिनी, मी संसदेत भाषणे केली आहेत."

"केली असतील. सीतारामनंही शेकड्यानं दरवाजे बसवले होते. वाचा."

मग हसतहसतच सुरुवात केली. एकेक वाक्य घेऊन ते मराठीत लावायचे, शब्द अडला की हिंदी. दुसऱ्या परिच्छेदात आले. "आमच्या राजांच्या काळात कुणालाही... विनाकारण... तुरुंगात टाकले गेले नाही." आणि थांबले. चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, पुसत राहिले.

"मी होतो," म्हणाले. "अकरा दिवस. संसदेत कैद्यांबद्दल एक प्रश्न विचारला होता."

मी म्हणाले, "चहा टाकते." त्या दिवशी पहिल्यांदाच ते तीनदा नको म्हणाले नाहीत. कागदाची घडी केली, खिशात ठेवली. सही केली नाही; मालकांना "अजून वाचतोय" म्हणत राहिले.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ते संध्याकाळी यायचे. येताना खालच्या भट्टीतली गरम इराणी रोटी, आणि रुतबाचा डबा. रुतब म्हणजे तोच ताजा खजूर, पण त्यांना तो ठरावीक लागायचा. अर्धा पिवळा कडक, अर्धा मऊ तपकिरी. तसे निवडून काढायचे. तुझे बाबा एकदा म्हणाले, "आगासाहेब, तुमचं राजकारणही असंच दिसतंय, अर्धं-अर्धं." आगा म्हणाले, "नाही हो. माझे एका बाजूचे दात पडले आहेत." आणि असे हसले की ठसका लागला.

राजा असावा, पण तो कायद्याच्या खाली बसावा, एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकायला किती साधं वाटतं ना? पण या साध्या म्हणण्यापायी राजाच्या माणसांनी त्यांना गद्दार म्हटलं आणि क्रांतीवाल्यांनी राजाचा कुत्रा. क्रांतीच्या दिवसांतली एक गोष्ट ते सांगायचे, दरवेळी तीच, आणि दरवेळी हसायचे. त्यांच्या गावच्या चौकात राजाचा पुतळा होता. तो बसवायलाच यांचा विरोध होता, त्या पैशात विहीर काढा म्हणून. आणि तो पाडायला गाव जमा झालं, तेव्हा चौथऱ्याच्या पायरीवर उभे कोण राहिले? हेच! "थांबा, सोमवारी नगरपालिकेची सभा आहे. रीतसर ठराव करू, रीतसर उतरवू." लोकांना नवलच वाटलं म्हणे. मग कुणीतरी यांना अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवावी तसं. पुतळ्याला बांधलेला दोर यांच्याच बागेतला.

"आणि त्यांचा राग खरा होता, वहिनी," म्हणायचे. "मी चुकीच्या पायरीवर नव्हतो. पण त्यांचा राग खरा होता." दोन्ही वाक्यं एकाच दमात. मला तेव्हा वाटायचं, काय हा माणूस, धड एक बाजू घेत नाही. आता वाटतं, ती दोन वाक्यं एकत्र धरून ठेवायला मनगटात केवढी ताकद लागत असेल.

पुढे धरपकड सुरू झाली. संसदेत त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणारे मित्र होते, ते घरीच थांबले, मी काय गुन्हा केलाय म्हणून. त्यांना गोळी घातली. आगा एका लाँचमधून कांद्यांच्या पोत्यांमागे बसून या किनाऱ्याला लागले. मागे राहिली एकुलती एक बहीण, परवीन. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं.

आणि त्या जुलैत परवीनबाईंचा निरोप आला. मोतीबिंदू नाही, त्याहून वाईट काहीतरी, दोन्ही डोळे जात होते. दिवाळीपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबानं दिवाळीपर्यंत, थोडं दिसेल असं डॉक्टर म्हणाले. भावाचं तोंड एकदा बघायचंय, एवढंच तिचं मागणं.

त्याच आठवड्यात तिकडच्या नव्या सरकारचा एक मध्यस्थ आला. गोड बोलणारा, स्वच्छ कपड्यांचा. म्हणाला, एका कागदावर सही करा, जायची सोय होईल, कुणी हात लावणार नाही, इन्शाल्ला. कागद फारसीत होता, मी टाइप करायचा प्रश्नच नव्हता. आगा तो घेऊन आपण होऊन वर आले. तू दार उघडलंस, आठवतं? आत येऊन मला म्हणालीस, "मॉम, ही इज क्राइंग, आय थिंक." रडत नव्हते. घाम होता तो. पण बसले ते असे, की मी टाइपरायटरवरचं काम बाजूला सारलं.

"वहिनी, मी सही करणार आहे," म्हणाले. "ठरवले आहे. फक्त तुमचा नियम आहे म्हणून आलो."

मी म्हणाले, "तुम्ही बहिणीकडे जा. मला काही वाचून दाखवू नका. माझा नियम गेला खड्ड्यात." खरंच म्हणाले गं. मलाही भाऊ आहे.

पण त्यांनी वाचलं, मराठीतच. राजाच्या काळात मी लोकांच्या शत्रूंची चाकरी केली. मला पश्चात्ताप होत आहे. इथपर्यंत धडधड वाचत गेले. मग, "ज्यांना शिक्षा झाली, ते सर्व..." इथं अडले. पुन्हा सुरुवात केली. "ज्यांना शिक्षा झाली, ते सर्व..." तीनदा केलं. मला फारसी येत नाही, पण पुढचा शब्द काय असणार ते कळलं. शेजारच्या बाकावरचा मित्र त्या वाक्यात बसला होता.

आपल्या भाषेत मोठ्यानं वाचण्याचं हेच आहे बघ. डोळा वाक्यावरून घसरून जातो. जीभ अडते.

ते उठून गॅलरीत गेले. त्या उन्हात, त्या दमटपणात, गज धरून उभे राहिले. मी आत बसून टाइपरायटरची रिबन उगीच मागेपुढे करत होते. परत आले तेव्हा शर्ट ओलाचिंब, पण आवाज सरळ. "वहिनी, कोरा कागद घाला. मी सांगतो."

तुझे बाबा तेवढ्यात घरी आले होते. त्यांनी मला आत बोलावलं. "हे बघ, परका मुलूख आहे. आपल्याला नको कुणाचं राजकारण. उद्या काही झालं तर?"

मी म्हणाले, "मी टाइप करतेय. सीतारामच्या वेळी केलं होतं तसंच. फक्त या वेळी मला कळतंय मी काय टाइप करतेय." मला माझाच आवाज अनोळखी वाटला. यांनी हातातली बॅग कोपऱ्यात ठेवली.

आगांनी सांगितलं तसं लिहिलं. ते हिंदी-मराठीत बोलायचे, मग दोघं मिळून इंग्रजी करायचो. अवघी आठ वाक्यं. राजा असावा आणि तो कायद्याखाली असावा असे मला वाटत होते, आजही वाटते. राजाच्या काळात अन्याय झाला, तो मी पाहिला, अकरा दिवस भोगला. क्रांतीच्या काळातही अन्याय झाला, तोही पाहिला, माझा मित्र त्यात गेला. लोकांचा राग खरा होता. मी कुणाचाही शत्रू नाही. मला माझ्या बहिणीला भेटायचे आहे. त्यासाठी मी खोटे लिहिणार नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, वाचून, सही करत आहे.

मी म्हणाले, "आगासाहेब, यानं दोन्हीकडचे रागावतील."

"हो," म्हणाले. "तेव्हाच मला कळते की मी माझ्या जागेवर उभा आहे."

खाली चार ओळी सोडल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं फारसीत तेच सगळं पुन्हा लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडता. सही केली. एक प्रत मालकांना, एक मध्यस्थाला. आणि पाकिटं पोचवली कुणी माहीत आहे? तुझ्या बाबांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेत घालून घेऊन गेले, मला न सांगता. विचारलं तर म्हणाले, "जॅममध्ये होतोच, मध्ये उतरून दिली."

व्हायचं ते झालं. मालकांनी आठवड्यात व्हिसा कॅन्सल केला. मध्यस्थ पुन्हा फिरकला नाही. आगांचा भाचा एका थंड देशात होता, त्यानं धावपळ करून त्यांच्या जाण्याचं जमवलं. निघायच्या आधी त्यांनी आपल्या घरून परवीनबाईंना फोन केला. फोनवर ती आठ वाक्यं वाचली. मग पलीकडून काहीतरी बोलणं, आणि आगा रिसीव्हर ठेवून तसेच बसले. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाली, हा माझा बहराम आहे. तो दुसरा आला असता तर मी दार उघडले नसते."

त्यांची भेट झाली नाही, रेवा. मी तुला गोड करून सांगणार नाही. डोळे दिवाळीच्या आधीच गेले, दोन वर्षांनी परवीनबाईही गेल्या. थंड देशातून आगांची पत्रं यायची, ती आता थांबली आहेत. पत्रात एकदाही मला पश्चात्ताप दिसला नाही. दुःख दिसलं, खूप दिसलं. पण पश्चात्ताप नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मी त्या पत्रांतून शिकले.

जायच्या दिवशी आपला स्टीलचा डबा परत द्यायला आले. रिकामा डबा परत देऊ नये हे पुण्याच्या बाईंनी शिकवलेलं. आत निवडून काढलेले अर्धे-अर्धे रुतब. आणि मी टाइपरायटरपाशी ठेवलेली कार्बन कॉपी मागून घेतली, तिच्यावरही सही केली. म्हणाले, "टाइपिस्टकडची प्रत कोरी असू नये, वहिनी."

ती प्रत कपाटात आहे. काल काढून बघितली. कार्बन फिकटलाय, 'e' अजून वर उडतोय, सही मात्र निळीशार.

तुझ्या त्या ड्राफ्ट्समनचं मला माहीत नाही. ते एकदा ओरडले हेही खरं, आणि लिहिलंय तसं नाही हेही खरं. तू ही दोन्ही वाक्यं मला फोनवर एका दमात बोललीस. बोललीस तेव्हा तुला कळलं का, तू काय बोललीस? नोकरीचं मला कळतं गं, तुझा व्हिसाही ऑफिसच्याच हातात आहे, तेही कळतं. नाही म्हणायला सांगणारी मी कोण? माझा तर एवढा एकच नियम आहे.

या शुक्रवारी ये. जॅम असू दे, सकाळी लवकर नीघ. बाबा बाजारातून रुतब आणतील, अर्धे-अर्धे निवडून फ्रीजमध्ये ठेवते. तो कागद घेऊन ये. माझ्यासमोर बस आणि मोठ्यानं वाचून दाखव, मराठीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. जीभ अडली नाही तर माझं पेन घे आणि सही कर. अडली, तर यंत्र कपाटातून काढून पुसून ठेवलंय, रिबनही नवी घातलीय. तू सांग, मी टाइप करते. खाली चार ओळी सोडीन.

ये गं लवकर.